मागं बसणारी

एका मांडवात तीन लग्नं लावायची म्हणजे तिप्पट कामं आणि तीसपट तोंडं. त्या रविवारी दिपकच्या अंगणात कामं सगळी खोळंबली होती, तोंडं मात्र जोरात चालली होती.

दिपकच्या शितलचं लग्न कोसबाडच्या मुलाशी ठरलं होतं. पण खुद्द शितलच्या आईबापांचं, म्हणजे दिपक आणि गंगीचं, लग्न अजून लागायचं होतं. एकत्र राहिले, घर बांधलं, पोरं झाली, मांडव घालायचा तेवढा राहून गेला. तलासरीकडच्या पाड्यांवर अशी घरं कितीतरी, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. फक्त आईबापांचं लागल्याशिवाय लेकराचं लागत नाही, एवढं सगळे पाळतात. आता दिपक-गंगीचं लावायचं तर दिपकच्या आईबापांचं, लाहू आणि पुष्पाचं, आधी लागायला हवं, कारण त्यांचंही राहूनच गेलेलं. दिपकचा थोरला भाऊ उमेश तेवढा यातून निसटला. त्यानं डहाणूला कोर्टात सह्या केल्या, आणि कोर्ट काही आईबापांची हळद विचारत नाही. तर सकाळी आजी-आजोबा, मग आईबाप, मग शितल, असं एकामागोमाग उरकायचं ठरलं होतं. मांडवाचे खांब तोडून अंगणात आणून टाकले होते. आणि आता पुष्पा म्हणत होती, मी हळद लावून घेणार नाही.

कारण जमना गेली होती.

पाड्यावर लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, आणि तीही गाऊन. ती पुढं बसून एक ओळ म्हणते, मागं बसलेली बाई ती ओळ उचलून परत म्हणते, आणि असं करत करत पहाटेपासून दुपारपर्यंत दोन माणसांचा संसार बांधून होतो. जमना अशी धवलेरी होती की तिच्या तारखेवर लोक आपली तारीख ठरवायचे. तिच्या मागं उभा जन्म एकच बाई बसली, ती पुष्पा. होळीनंतर एका लग्नाहून दोघी परतल्या, जमना "जरा पडते" म्हणाली, आणि पडली ती उठलीच नाही.

*

उमेश-नयनाची गाडी अंगणात थांबली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. नयना उतरली आणि पिशवी घेऊन थेट चुलीपाशी गेली. ती वरोरची, माहेर अगदी समुद्राला लागून, त्यामुळे सासरी येताना सुके बोंबील आणल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पिशवीतून तिनं एक पुडकं काढून गंगीच्या हातात दिलं. मग दुसरं काढलं आणि ते हातात धरून तशीच उभी राहिली.

"हा कोणाला?" गंगीनं विचारलं.

लग्न झाल्यापासून नयना दोन पुडकी बांधत आली होती, एक घरचं आणि एक जमनामावशीचं. आज सकाळीही हातांनी सवयीनं दोन बांधली होती.

कोर्टात सह्या करून ती पहिल्यांदा इथं आली, तेव्हा पाड्यावरच्या बायका दुरून पाहून परत जात होत्या. जमना मात्र तिच्या शेजारी फतकल मारून बसली होती. म्हणाली होती, "कोर्टानं सह्या घेतल्या, पन गाना कोनी म्हटला? बिनगान्याचा संसार अळणी लागतो, बाय." आणि तिथंच, चुलीच्या धुरात, मांडव नाही, वाजंत्री नाही, अशी तिनं नयनासाठी चार गाणी म्हटली होती. मागं पुष्पा होती. बदल्यात काही घ्यायला जमना मात्र तयार नव्हती. शेवटी नयनानं माहेरचे बोंबील दिले, ते तिनं घेतले, आणि ते दर वर्षी मागून घेण्याचा हक्क त्या दिवशी स्वतःच्या नावावर करून टाकला.

"ठेव," नयना म्हणाली. "घरात संपतील."

बाहेर उमेशनं विषयाला हात घातलाच होता. तो पंचायत समितीत होता, आणि सभा असो की सुतक, तो मुद्देसूदच बोलायचा.

"आई, तुझं दुःख मला कळतं. नाही करायचं तुला लग्न, नको करू. आपण शितलचं डहाणू रोडला करू. स्टेशनजवळ चांगला हॉल आहे. आधी रजिस्टर, मग जेवण. कुणाचं काही अडत नाही."

"मुलाची आजी काय बोलली ते ऐकलास ना?" दिपक म्हणाला. "मांडवाशिवाय पोरगी घेणार नाय. आनि मांडव घालायचा तं आधी आईबाचा लगीन."

"अरे, तिला समजावू."

"तू समजाव. तू हापिसात मानसांना समजावतोस, दोन वर्सं फिरून परत येतात ती."

गंगी फिसकन हसली. उमेश चिडला, पण त्याच्याकडे अजून एक मुद्दा होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"मग दुसरा मार्ग. जमनामावशीचं गाणं आहे माझ्याकडे, दोन वर्षांपूर्वीचं. स्पीकरला लावू. आवाज तिचाच, मग आईला काय हरकत?"

दिपकनं भावाकडे असं पाहिलं, जसं लहानपणी उमेशनं त्याची चप्पल विहिरीत टाकली होती तेव्हा पाहिलं असेल.

"मेलेल्या बाईच्या तोंडानं माझ्या पोरीचा लगीन लावतोस?"

"तसं नाही रे म्हणायचं मला..."

"उमेश, ठेवा तो मोबाइल," दारातून नयना म्हणाली. उमेशनं चमकून मागं पाहिलं. येताना गाडीत ही हॉलच्या बाजूनं बोलत होती, जेवणाचा बेतसुद्धा तिनंच सुचवला होता. "हॉल नको. लग्न इथंच होऊ दे. आईंना थोडा वेळ द्या."

"वेळ कुठाय? आणि तू कधीपासून या बाजूला?"

"आत्तापासून," नयना म्हणाली आणि दिपकच्या बाजूला जाऊन बसली.

ज्या बाईवरून हे सगळं चाललं होतं, ती पुष्पा ओट्याच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि तांदळातले खडे वेचत होती. जमना गेल्यापासून ती रडली नव्हती. सगळ्यांना त्याचीच भीती वाटत होती.

तेवढ्यात रूपी आली. जमनाची भाची, तिशीच्या आतली, गेली काही वर्षं छोट्या लग्नांत पुढं बसायला लागलेली. दिपकनं तिला आवतण देऊन बोलावलं होतं, पण आईला न सांगता. रूपी पुष्पाच्या पाया पडली आणि अवघडून उभी राहिली.

"मावशी, मला जमनामावशीसारखा येत नाय. पन तुम्ही सांगाल तशी म्हननार."

"म्हन तं," दिपक म्हणाला. "आयला ऐकव."

रूपी खाली बसली, पदर सारखा केला आणि हळद लावायच्या गाण्याची पहिली ओळ उचलली. आवाज कोवळा होता, पण सुरात होता. ओळ संपली तिथं ती थांबली नाही. शेवटचा स्वर तिनं खेचला, लांबवला, आणखी लांबवला, आणि मग सोडला. जमनाची चाल म्हणून सगळ्या भागात ओळखायचे ती हीच. नव्या पोरी सगळ्या तशाच खेचायच्या.

पुष्पाच्या हातातलं सूप खाली आलं. ओठ हलले, पण ओळ काही बाहेर पडली नाही. ती उठली आणि घराच्या मागं चालती झाली.

*

शितलला राग आला होता. खरं सांगायचं तर तिला महिनाभर राग येत होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. आजीच्या मागोमाग ती ताडाच्या झाडांपाशी गेली.

"आजी, तुझी मैतरीन गेली, मला कळतं. मलाही वाईट वाटतं. पन त्यात माझा लगीन का अडवतेस?"

पुष्पा ताडाच्या बुंध्याला टेकून उभी होती. तिचा श्वास वर लागला होता. दमा जुना होता, चार पावलं झपाझप टाकली की छाती भरून यायची.

"ती रूपी शेवटाला स्वर खेचते, ऐकलास?"

"जमनाआजीची चाल हाय ती."

"चाल नाय गो ती." पुष्पानं दम घेतला. "तुझा बा पोटात व्हता तवापासून मला हा दमा. ओळ उचलायला जायची तं श्वासच नसायचा. एकदा मांडवात गप झाले मी. नवरी खाली बसलेली, लोक बघतात, नि माझ्या तोंडातून आवाज निघंना. बाया कुजबुजल्या, ही आजारी, हिला काढा, दुसरी बसवा. जमना काय बोलली नाय. फुडची ओळ घेतली नि शेवट धरून ठेवला, माझा श्वास भरंतवर. मी उचलली तवाच सोडली. मंग तशीच करीत रायली. लोक म्हनाले, काय सुंदर खेचते. तिनं कोनाला सांगितला नाय का खेचते. मला पन नाय सांगितला. मला काय कळत नव्हता?"

लहानपणापासून शितलनं ती चाल ऐकली होती, शाळेच्या संमेलनात तिची नक्कलही केली होती, टाळ्या मिळवल्या होत्या.

"आता ही पोरगी खेचते नि मागं कोन नाय," पुष्पा म्हणाली. "मी कशी बसू त्या हळदीला? जिनं मला श्वास दिला ती नाय, नि मी नवरी होऊन बसू?"

शितलचा राग कुठल्या कुठं गेला. राग गेला की जे उरतं ते जास्त जड असतं, आणि तिला लग्न तर करायचंच होतं, मुलगा आवडला होता, तोही थांबून थांबून कंटाळला होता. तिनं आजीचा हात धरला.

"नको बसू, आजी. मी काकांना सांगते हॉल घ्या म्हनून. रजिस्टर करू. त्याच्या आजीला मी बघून घेते."

"तुला मांडव पायजे व्हता ना?"

"पायजे व्हता," शितल म्हणाली आणि तिचे डोळे भरले. "पन तुला रडवून नको."

ती परत अंगणात गेली आणि तसं सांगून टाकलं. उमेश जिंकला होता, पण त्याला जिंकल्याचा आनंद काही झाला नाही. दिपक उठून खांबांकडे बघत राहिला. नयना शितलला जवळ घेऊन बसली आणि नवऱ्याकडे अशी पाहत होती जसा हा सगळा त्याच्या हॉलचाच दोष.

*

लाहू सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. तो अंगणाच्या टोकाला मांडवासाठी दोर वळत बसला होता, लग्न होणार की नाही याच्याशी जणू दोराला काही देणंघेणं नव्हतं. पुष्पा मागच्या बाजूनं येऊन ओट्यावर बसली, तेव्हा त्यानं दोर खाली ठेवला आणि उठून सगळ्यांच्या मधे आला.

"पोरीचा मांडव माझ्यामुळं मोडतो," तो म्हणाला. "तवाच लगीन लावला असता तं आज ही पाळी आली नसती. गावाला जेवन घालायला मला कवा जमला नाय. दर सालाला म्हटला, यंदा भात कमी, फुडच्या साली. फुडची साल काय आली नाय. चूक माझी हाय. पुष्पाला कोन काय बोलू नका."

पोरांनी मान खाली घातली. हे ते लहानपणापासून ऐकत आले होते. उमेशला तर शाळेत कुणी टोचलं की बापाच्या या 'जमलं नाही'ची लाज वाटायची, आणि नोकरी लागल्यावर पहिल्यांदा त्यानं काय केलं असेल तर बापाला म्हणाला होता, बाबा, मी घालतो गावजेवण, तुम्ही लावून टाका. तेव्हाही लाहू म्हणाला होता, यंदा नको.

"तुझी चूक नाय," पुष्पा म्हणाली.

"असू दे गो..."

"नाय असू देत. सारा जन्म तू मान खाली घातलीस, मी बघत रायले. आज पोरगी मांडव सोडून चालली, आता तरी बोलू दे." तिनं दम घेतला. सगळे थांबले. "लगीन मलाच नको व्हता. जिचा लगीन लागला नाय ती मागं बसते, फुडं बसाया तिला चालत नाय. माझा लगीन लागला असता तं मी फुडं बसणारी झाले असते. मला गानी सगळी येत व्हती. लोकांनी मला झरीला नेलं असतं, उपलाटला नेलं असतं, नि जमना एकीकडं, मी दुसरीकडं. एका मांडवात दोघी फुडं बसत नाय. मला तिच्या मागं बसायचा व्हता. बस, एवढाच. म्हनून मी तुला म्हनायची, यंदा भात कमी दिसतो. तू भोळा, तुला खरा वाटायचा."

लाहू तिच्याकडे पाहत होता.

"जमना मला शिव्या घालायची," पुष्पा पुढं म्हणाली. आता तिचा आवाज चिरकला होता. "दर मांडवात, सगळ्या बायांसमोर. 'पुष्पे, लाज सोडलीस का, लोकांची लग्नं लावतीस, सोताचा कवा लावशील? लाव म्हनजे तुला फुडं बसवून मी मोकळी होते.' मी हसायची. मनात म्हनायची, तुला मोकळी व्हायचाय, मला नाय व्हायचा. दोघींचा आवाज सरत आला का मंग लावू, तिनंच लावायचा, असा ठरवलेला मी. आधी तीच सरली."

गंगीनं तोंडाला पदर लावला होता. नयनानं हळूच उमेशकडे पाहिलं. मुद्देसूद माणसाला मुद्दा सापडत नव्हता.

लाहू खाली बसला, अगदी पुष्पासमोर, जमिनीवर. त्याच्या तोंडावर राग शोधायला गेलं तर सापडला नसता. त्याला जरा हसूच येत असावं, असं शितलला नंतर वाटलं.

"पुष्पे, मी भोळा नाय," तो म्हणाला. "भात व्हता."

"काय?"

"भात व्हता. उमेश पाळन्यात व्हता त्या साली कणगी भरली व्हती. मी ठरवला, यंदा लावू. तुला काय सांगितला नाय, आधी जमनाकडं गेलो, तारीख धरायला. ती शेनानं आंगन सारवत व्हती. हात तसेच. मला म्हनाली, 'लाहू, यंदा रहू दे.' मी म्हटला, का? तं म्हनाली, 'तिचा लगीन लावला का ती फुडं बसंल. लोक तिला न्यायला लागतील. मंग माझ्या मागं कोन?'"

पुष्पा पुढं वाकली, लाहू सांगत राहिला.

"मी म्हटला, लोकांना काय सांगू? तं म्हनाली, 'सांग भात कमी हाय. तुझी बदनामी होईल थोडी, पन तू मोठ्या मनाचा हायस.' नि दर सालाला मी जायचो, नि दर सालाला ती तसाच म्हनायची. उमेश जेवन घालतो म्हनाला तवा पन गेलो. म्हनाली, 'अजून एक साल, लाहू. तिच्याशिवाय मला ओळ सुचत नाय.' मला शपथ घातलेली, पुष्पीला सांगू नको, तिला वाटंल मी तिचा लगीन अडवला. म्हनून इतकी सालं गप रायलो."

"मंग मला शिव्या का घालायची ती? सगळ्यांसमोर?"

"तुला संशय नको यायला म्हनून."

पुष्पा बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग मोठ्यानं, दमा विसरून, आणि हसता हसताच ते रडण्यात गेलं. महिनाभर अडलेलं सगळं एकदम आलं. गंगी धावली, नयना धावली, लाहूनं हातानंच दोघींना थांबवलं. तिचं तिला रडू दिलं. खोकला आला, तो गेला, परत रडू आलं. रूपी कोपऱ्यात उभी राहून नाक पुसत होती.

बऱ्याच वेळानं पुष्पानं डोळे पुसले.

"परत सांग."

"काय?"

"ती काय म्हनाली ते. पहिल्या साली."

लाहूनं परत सांगितलं. कणगी, सारवलेलं अंगण, शेणाचे हात, सगळं सांगितलं, आणि 'माझ्या मागं कोन' याच्यापाशी आला तेव्हा पुष्पानं डोळे मिटून घेतले.

उमेशनं घसा खाकरला. आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा त्यानं आईला प्रश्न हळू आवाजात विचारला. "आई... मग हॉलला काय सांगू?"

"कसला हॉल? खांब उभे करा." पुष्पा उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दमानं, पण उठली. "आता मी कोनासाठी थांबू? जिच्यासाठी थांबले ती पन माझ्यासाठीच थांबलेली. रूपे, हळदीला ये. शितल, इकडं ये, रडू नको, आधी आजी नवरी, मंग तुझी आय, तुझा नंबर शेवटी हाय, तवर डोळे सुजवून घेशील."

दिपक खांबांकडे धावलाच. उमेशनं बाह्या सरसावल्या आणि पहिल्याच खांबाखाली पाय आणला, त्यावर दिपक जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. अंगण परत आवाजानं भरलं.

लाहूनं दोर उचलला. पुष्पा त्याच्याशेजारी उभी राहून वाटेकडे पाहत होती. जमना यायची ती त्याच वाटेनं, लांबूनच शिव्या घालत.

"लबाड कुठली," पुष्पा म्हणाली. "सारा जन्म मला फसवला. मी तिला फसवला. एवढा मोठा भांडन हाय आमचा, लाहू, नि भांडायला ती पायजे व्हती."